क्युबाचा गहू

नळदुर्गच्या बाजारात शरणप्पा मापाड्यांना नावानं हाक मारणारी माणसं आता मोजकीच उरली. बाकीचे त्यांना ‘क्युबा’ म्हणतात. "क्युबा, सरक की जरा, बाकडं काय तुझ्या आजानं करून ठेवलंय?" असं म्हणत कुणी शेजारी टेकतं आणि शरणप्पा सरकतात. रागावत नाहीत, हसतही नाहीत. सारा जन्म बाजार समितीच्या काट्यावर लोकांचं धान्य मापण्यात गेलेला माणूस. काटा कितीही हलला तरी तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही, ही सवय अंगात मुरलेली.

हे नाव पडलं ब्याण्णव साली. शरणप्पा तेव्हा तिशीतले होते, हमालांच्या लाल बावट्याच्या संघटनेत होते. संघटनेनं ठरवलं की क्युबा नावाच्या एका दूरच्या बेटाला भारतातून गहू धाडायचा. जहाज जाणार होतं. आसपासच्या बारा गावांतून गहू गोळा करायचं काम शरणप्पांकडं आलं. बायकांना हे बेट कसं समजावायचं? शरणप्पा पारावर उभे राहून सांगत, "बायांनो, एका बड्या पाटलानं शेजारच्या लहान भावकीला वाळीत टाकलंय. आपण बी काई इकायचं न्हाय, दुसऱ्याला बी इकू द्यायचं न्हाय. तीस वर्षं झाली. त्येंच्या चुलीसाठी एक एक ओंजळ द्या." आणि ज्वारीच्या मुलखातल्या बायकांनी, ज्यांच्या घरात गहू सणालाच निघतो, त्यांनी ओंजळी दिल्या. अकरा पोती भरली. पोत्यांवर गेरूनं बावटा काढला.

शरणप्पांच्या बायकोनं, शिवगंगेनं, आपल्या हातानं मडकं उपडं केलं होतं. त्यात खपली गहू होता, येळवशीच्या सणाच्या खिरीसाठी निवडून, हळदकुंकू वाहून ठेवलेला. देवाचा वाटा. तो दिल्यामुळं त्या वर्षी येळवशीला त्यांच्या शेतात खीर झाली नाही आणि भावकीतल्या बायकांनी ते बरोबर हेरलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. भुकेल्याच्या तोंडात जाणार म्हणजे देवाच्याच तोंडात जाणार.

मग महिन्याभरात बाजारात कुजबुज सुरू झाली. शरणप्पांचा जोडीदार व्यंकट, ज्याच्या बापाचा हायवेवर ढाबा होता, तो चहाच्या टपरीवर मोठ्यानं म्हणाला, "क्युबाच्या गव्हाच्या रोट्या खायच्या असतील तर आमच्या ढाब्यावर या. जहाजाचं भाडं लागत न्हाय." लोक हसले. शरणप्पांनी बशीतला चहा संपवला. "गहू गेला का वो?" असं घरी शिवगंगेनं एकदाच विचारलं, तेव्हा "गेलं सगळं जिथल्या तिथं" म्हणून ते परसात निघून गेले.

एवढ्यावर तिनं सोडलं असतं. पण सोलापूरला पोती पोचवून ते परतले होते त्या संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याला चंदनी साबणाचा वास येत होता. या घरात चंदनी साबण कधी आला नव्हता. अंघोळीला दगड आणि सणाला डाळीचं पीठ, एवढीच चैन. शिवगंगेनं तो सदरा हातात धरला, धुतला, वाळत घातला. कुणाला सांगणार? लग्नाला पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुसऱ्या दिवशी पूजेला बसल्यावर तळहातावरच्या इष्टलिंगाकडं बघत तिनं मनातल्या मनात सांगितलं, ‘देवा, तो गहू कुणाच्या पोटात गेला हे मला कळत न्हाय तवर माझ्या पोटात गहू जाणार न्हाय.’

पुढच्याच वर्षी नंदीश झाला. सगळ्यांनी धरून चाललं की गव्हाचं व्रत लेकरासाठी होतं. "नवस फिटला, आता खा की चपाती," बायका म्हणत. ती हसून आपल्या भाकरीचा तुकडा मोडी. लग्नाकार्याला जाताना भाकरी फडक्यात बांधून नेई. तेहतीस वर्षं. दर येळवशीला गव्हाची खीर ती स्वतः शिजवी, अंदाजानं गूळ घाली आणि चव न बघता वाढी. शरणप्पा खिरीबरोबर गुळाचा खडा मागून घेत. लहानपणची सवय आहे म्हणत.

नवऱ्याशी ती कधी मोठ्यानं बोलली नाही. तीळभर कमी नाही, तीळभर जास्त नाही, असा सुखाचा संसार लोकांना दिसे. पण मापाड्याच्या बायकोनं आपल्या मनात एक काटा उभा केला होता. त्याच्या एका पारड्यात नवरा होता आणि दुसऱ्यात तो वास.

*

यंदा येळवशीला नंदीश अमेरिकेहून आला. चार वर्षांनी. बायको निकिता आणि लेकरू तिकडंच, कारण त्यांचे व्हिसाचे कागद तिकडं अडकलेले, बाहेर पडलं तर परत आत घेतील याचा भरवसा नाही.

सोमवारी सकाळी शिवगंगा वरची खोली झाडत होती. टोपलीत कागदाचे चपटे गोल तुकडे दिसले. लाल-सोनेरी, नक्षीचे, अंगठीएवढे. एक, दोन, नऊ. तिनं एक उचलून नाकाला लावला. तंबाखूचा वास, पण बिडीचा नव्हे. दमट लाकडासारखा, गुळचट. वास तिला फसवत नाही हे तिला तेहतीस वर्षांपासून माहीत होतं.

सोमवारी तिचं मौन असतं. संध्याकाळची पूजा होईपर्यंत शब्द नाही. दुपारी ती ताक घेऊन वर गेली तर दार लोटलेलं. फटीतून दिसलं: नंदीश खाली मान घालून बसलेला, पुढ्यात लाकडी पेटी, हातात दाढीचं पातं, आणि एकेका जाडजूड तपकिरी नळकांड्यावरची कागदाची अंगठी तो हळूच सोलतोय. सोललेली नळकांडी दुसऱ्या साध्या डब्यात ठेवतोय. चोराच्या हातासारखा हात चालत होता.

ती ताकाचा तांब्या पायरीवर ठेवून परतली. पूजेला बसली तरी मन लिंगावर ठरेना. बापानं एकदा कुणाचं तरी लपवून आणलं, आता पोरगं लपवायला लागलं का?

दिवा लागला, मौन सुटलं. जेवायला बसल्यावर तिनं तो कागद पोराच्या ताटाजवळ ठेवला.

"ह्ये काय हाय बाबा?"

नंदीशचा घास हातातच राहिला. मग तो ओशाळून हसला. "अव्वा, तू पण ना. सिगार हाय. क्युबाची. येताना आखाती विमानतळावर घेतली, पंचवीसची पेटी. माझ्या साहेबासाठी."

क्युबा म्हटल्यावर शरणप्पांनी मान वर केली.

"मग नाव कशापायी खरडतोस?" शिवगंगेनं विचारलं.

"तिकडं बंदी हाय. क्युबाचा माल अमेरिकेत न्यायचा न्हाय. मधी चार वर्षं सूट होती, आपल्यापुरत्या नेता यायच्या, ती पण परत काढली. विमानतळावर सापडलं तर जप्त. आणि माझे तिकडं कायमचं राहायचे कागद अजून व्हायचेत. म्हणून नाव काढायचं. नाव नसलं की कुठली काय कळतं?"

"सायबाला ठावं हाय का कुठली ती?" शरणप्पांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"त्यांनीच सांगितलंय. माझ्या कागदांवर त्यांचीच सही लागणार हाय, अप्पा. ते म्हणाले, मला चव पायजे, नावाचं काय करू."

"म्हंजे बंदी नेमकी कशावर हाय? तंबाखूवर का नावावर?"

"अप्पा, तुमचं राजकारण नको आता."

"राजकारण न्हाय रं. इचारतोय." शरणप्पांनी भाकरीचा पापुद्रा उचलला. "दरसाल जगातले सगळे देश जमतेत आन हात वर करून सांगतेत, की उठवा ती बंदी. आपला देश बी सांगतो. दरसाल. पेपरात चार ओळी येतेत. साठ वर्षांच्या वर झालं. आन वाळीत टाकणाऱ्या पाटलाच्याच वाड्यातली माणसं मागल्या दारानं त्येंच्याकडची भाकर मागतेत. बरं हाय."

शिवगंगा नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. हा माणूस त्या बेटाबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं बोलतो, आणि त्याच बेटाचा गहू? तिला समजेना. जो घरच्या देवाचा वाटा मागू शकतो, तोच माणूस तो विकूही शकतो का?

*

बुधवारी व्यंकट आला. आता ढाबा त्याचाच होता आणि पोट त्याच्यापुढं दोन पावलं चालत होतं.

"काय अमेरिका? काकासाठी काय आणलंस?" करत तो थेट वरच्या खोलीत गेला. पेटी उघडीच होती. त्यानं एक सिगार उचलून नाकाखालून फिरवली. "बाबौ! ह्येवढी जाड? ही ओढायची का हिनं धुणं बडवायचं?"

"काका, महाग हाय ती," नंदीश म्हणाला.

"महाग म्हणून तर इचारतोय. चल, आपली बिडी बरी." त्यानं सिगार परत पेटीत टाकली आणि जिना उतरताना शिवगंगेला म्हणाला, "वहिनी, येळवशीला येतोय बरं का. खीर कशाची? क्युबाहून गहू परत आलाय म्हणतेत."

"या की," ती एवढंच म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी नंदीश जिन्यावरून धडधडत खाली आला. "अव्वा, एक कमी हाय. चोवीसच हायत."

"नीट बघितलंस?"

"तीनदा मोजल्या. नाव न काढलेली एक व्हती, तीच गेली." त्यानं आवाज उतरवला. "काका येऊन गेले ना काल?"

"असं बोलू नये बाबा कुणाला."

"मग कोण? तू का अप्पा?"

तो हसला, पण ती हसली नाही. अप्पा, हे नाव पोराच्या तोंडून सहज निघालं आणि तिच्या मनात नेमकं जिथं जायचं तिथं जाऊन बसलं.

*

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, ओटी भरायची, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा आणि बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं. त्या दिवशी कुणाला नाही म्हणायचं नाही. वैऱ्यालाही नाही.

पहाटेपासून शिवगंगेची चूल पेटलेली. शरणप्पा आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन पुढं गेले. नंदीश पाण्याची कळशी घेऊन मागोमाग. ती खिरीचं पातेलं बांधत होती, तेवढ्यात आठवलं, पांडवांना घालायचं पांढरं उपरणं राहिलं. ते शरणप्पांच्या पत्र्याच्या पेटीत असायचं. त्या पेटीला ती कधी हात लावत नसे. नवऱ्यानं मनाई केली नव्हती, तिनंच तशी शिस्त ठेवली होती. पण आज घरात कुणी नव्हतं आणि कुलूपही नव्हतं.

वर उपरणं होतं. त्याच्याखाली मापाड्याचा पितळी बिल्ला. त्याच्याखाली कात्रणांची चळत, दरवर्षीच्या पेपरातल्या त्या चार ओळी. आणि तळाशी एका जुन्या फडक्यात दोन वस्तू शेजारी शेजारी. एक होती लाल-सोनेरी अंगठी घातलेली सिगार. दुसरी साबणाची वडी, कागदासकट. कागद पिवळा पडलेला, वडी तडकलेली, कधी पाण्याला न लागलेली.

शिवगंगेनं ती वडी नाकाजवळ नेली. वास जवळजवळ गेला होता, पण पुरता नाही. तोच, चंदनी.

ती पेटीपाशीच बसून राहिली. सिगार पोराची चोरली हे तिला लागलं, पण ते पुढं. ही वडी कुणाची? तेहतीस वर्षं फडक्यात बांधून जपावी अशी कुणाची आठवण? ज्या बाईला दिली नाही तिची, का जिनं दिली तिची? गहू विकला, तो हिच्यासाठी? मग शेतात माणसं खोळंबली असतील म्हणून ती उठली. उपरणं घेतलं. वडी आणि सिगार कमरेला पदराच्या आत खोचली आणि पातेलं डोक्यावर घेऊन निघाली.

*

पूजा झाली, शरणप्पांनी पिकाभोवती आंबील शिंपडली. पंगत बसली तेव्हा चिंचेच्या सावलीत पंधरावीस माणसं होती. व्यंकट आला होता, त्याची बायको कडूबाई आली होती, रस्त्यानं चाललेले दोन ट्रकवाले नंदीशनं हाक मारून बसवले होते. शिवगंगा वाढत होती. नवऱ्याच्या पानाशी आली तेव्हा तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही.

"वहिनी, भज्जी अशी झालीय की माझ्या ढाब्याला कुलूप घालावं," व्यंकट म्हणाला.

"घाला की. लोकांची पोटं तरी बरी राहतील," कडूबाई म्हणाली आणि सगळे हसले.

नंदीशला हसू आलं नाही. तो व्यंकटच्या शेजारीच बसला होता. त्यानं आपल्या मते हळू आवाजात विचारलं, "काका, परवा तुम्ही वर आला व्हता. पेटीतली एक सिगार कमी झालीय. चुकून खिशात राहिली असंल तर..."

व्यंकटनं उंडा पानात ठेवला. "काय म्हणलास?"

"चुकून म्हणतोय, काका."

"चुकून?" व्यंकटचा आवाज बांधापलीकडं गेला. "पंगतीत बसवून चोर म्हणतोस? आरं, चोर बघायचा असंल तर पानापलीकडं बघ, तुझ्या बापाकडं. अकरा पोती गहू! आयाबायांनी ओंजळ ओंजळ दिलेला. मी टिंगल करतो म्हणून लोकांना वाटतं गंमत हाय. गंमत न्हाय ती. त्या थंडीत आमच्या बाच्या ढाब्यावर ती पोती उतरली. गेरूचा बावटा म्या ह्या डोळ्यांनी बघितलाय. म्या सोता त्या पिठाच्या रोट्या थापल्यात."

पंगतीचे हात थांबले. सगळ्यांनी शरणप्पांकडं बघितलं. शिवगंगेच्या हातात खिरीचं पळीपातेलं होतं. ती तशीच उभी राहिली.

"खरं हाय," शरणप्पा म्हणाले. "आन सिगार म्याच घेतली."

"अप्पा?" नंदीशचा आवाज फुटला.

"बघा!" व्यंकट म्हणाला. पण ते म्हणताना त्याचंही तोंड उतरलं. तीस-पस्तीस वर्षं एखाद्याला चोर म्हणावं आणि एक दिवस त्यानं ‘व्हय’ म्हणावं, तेव्हा काय करायचं हे त्याला सुचेना.

शिवगंगेनं पातेलं खाली ठेवलं. कमरेची सिगार काढून नवऱ्याच्या पानाशी ठेवली, मग साबणाची वडी पुढं धरली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण सगळे इतके गप्प होते की शेवटच्या ट्रकवाल्यापर्यंत तो पोचला.

"आन ही कुणाची?"

शरणप्पांनी वडीकडं बघितलं. काट्याचा तो माणूस, तोंडावरची रेघ कधी न हललेला. आज ती हलली.

"तुझी," ते म्हणाले.

"माझी?"

"तुझ्यासाठी चोरलेली." त्यांनी पानावरचा हात धोतराला पुसला. "सोलापूरला पोती नेली. तिथल्या माणसानं हात घालून बघितलं आन म्हणला, मापाडी असून तुला कळंना का? खपली, लोकवन, लाल, पांढरा, सगळा एकात. किडा पडलेला. जहाजावर चढायचा न्हाय. गहू पंजाबातून चाललाय. तिकडं साबण मिळंना झालाय, लोकांना हात धुवायला साबण न्हाय. साबण द्या. आता अकरा पोती परत आणून बारा गावांत कुणाची ओंजळ कुठली म्हणून देऊ? येताना ह्या व्यंकटच्या बानं हायवेवर इकत घेतली सगळी. त्या पैशात माघारी सोलापुरात जाऊन साबणाची खोकी घेतली, बैलगाडीनं संघटनेच्या तिथल्या कचेरीत पोचवली. एक खोकं फाटलं. वडी पडली. म्या उचलली."

ते तांब्यातलं घोटभर पाणी प्याले.

"वाटलं, हिनं देवाचा मडक्यातला गहू दिला. हिला कवा साबण माहीत न्हाय. खिशात घातली. आन बस नळदुर्गात येईस्तवर मनानं खाल्लं. ही वडी त्या बेटावरच्या कुणाची तरी व्हती. तुला दिली असती तर तू अंग धुतलं असतंस, आन तिकडं एकजण बिनसाबणाचं राहिलं असतं. परत द्यायची तर खोकी घेऊन जहाजाकडची गाडी गेलेली. मग काय सांगू लोकांना? गहू ढाब्यावर, साबण जहाजावर, आन एक वडी माझ्या पेटीत? गव्हाचं सांगायला तोंड उघडलं की वडी बी सांगावी लागणार. म्हणून उघडलंच न्हाय."

"आन सिगार?" नंदीशनं विचारलं.

"ती एकच नावासकट उरली व्हती. वाटलं, तिकडनं आलेलं नावासकट काईतरी एक असावं घरात. मागायला पायजे व्हतं. पर तू नाव खरडायला बसलेला. कसं मागू?"

व्यंकटनं वडीकडं बोट केलं. "वडी काय, कुठल्याबी दुकानात मिळती. ह्येला पुरावा काय?"

पुरावा शिवगंगेकडं होता. पण तो पंगतीत बोलण्यासारखा नव्हता. त्या संध्याकाळचा सदरा, आणि तो हातात धरून ती ज्या बाईचा विचार करत राहिली ती बाई, जी नव्हतीच. तिचं तिला कळलं. दुसऱ्याला काय दाखवणार?

"व्यंकटभावजी," ती म्हणाली, "मी गहू खात न्हाय, हे तुम्हाला ठावं हाय."

"साऱ्या नळदुर्गाला ठावं हाय. नंदीशपायी केलेलं व्रत."

"नंदीशपायी न्हाय." तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही, बघता आलं नसतं. "तो गहू कुणाच्या पोटात गेला ते कळंस्तवर गहू खाणार न्हाय, असं देवाला सांगितलं व्हतं. ह्येंनी विकला का काय, असं वाटलं म्हणून."

शरणप्पांनी मान वर केली. "तेहतीस वर्षं?" ते म्हणाले. एवढंच. कडूबाईनं पदर तोंडाला लावला.

"तेहतीस वर्षं," शिवगंगा म्हणाली. "पुन्यांदा इचारलं असतं तर त्याच दिवशी सुटलं असतं. म्या एकदा इचारलं आन गप बसले. तुमी बी गप बसलात." मग ती व्यंकटकडं वळली. "भावजी, तुमच्या रोट्या कोण खायचं तवा?"

"कोण म्हंजे? ट्रकवालेच की. दुसरं कोण होतं हायवेला?"

"वाटसरूच ना? उपाशी?"

"उपाशीच. भरल्या पोटी ढाब्यावर कोण येतंय."

पानावर बसलेल्या दोघा ट्रकवाल्यांना आपल्याबद्दल काही चाललंय एवढंच कळलं. त्यातला एक संकोचून उठायला लागला तर तिनं त्याला हातानं खाली बसवलं आणि त्याच्या पानात खीर वाढली. मग दुसऱ्याच्या. मग व्यंकटच्या. मग पांडवांपुढं जाऊन तिनं हात जोडले. काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही. परत येऊन वाटीत पळीभर खीर घेतली आणि सगळ्यांदेखत तोंडाला लावली.

व्यंकट ते बघत होता. नळदुर्गात कुणी काहीही म्हणो, या बाईनं लिंगाला दिलेला शब्द मोडला असं कुणी म्हणणार नाही. लग्नात सोन्याच्या ताटात वाढलेली पोळी तिनं मागं सारलेली त्यानं बघितलं होतं. ती आज गहू खात होती. त्यानं मान खाली घातली आणि पानातली खीर ओढून घेतली. "क्युबा," असं म्हणायला त्याचे ओठ उघडले, आणि तो म्हणाला, "शरणप्पा, आंबील वाढ की रं, घसा सुकला."

शरणप्पा उठले. जाताना सिगार त्यांनी नंदीशपुढं धरली. पोरानं ती घेतली नाही. "राहू द्या अप्पा," तो म्हणाला. बाकीच्या चोवीसांचं काय करायचं ते तो बोलला नाही, कुणी विचारलंही नाही.

शिवगंगेनं तोंडातला घास बराच वेळ घोळवला. गव्हाची चव विसरलीच होती म्हणायची. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"अवो," आंबिलाचं मडकं घेऊन जाणाऱ्या नवऱ्याला ती म्हणाली, "खिरीत गूळ कमी झालाय का वो?"

शरणप्पा थांबले. वळले नाहीत.

"दरसालच कमी असतोय," ते म्हणाले.